पायपेटीचा भाता

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

हे मला सांगितलं गेलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. आम्ही मुली तीन रांगांत उभ्या होतो आणि ऑर्गनवाल्या मावशींनी मध्येच दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. मान न वळवता, समोरच्या वहीकडे बघतच त्या म्हणाल्या, "दुसऱ्या रांगेतली, कोपऱ्यातली." कोपऱ्यात मीच होते.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मिरच्या वेगळ्या पिशवीत टाका म्हणून भाजीवाल्याला सांगावं, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मी मान हलवली आणि ऐकलं. असं ऐकलं की बेचाळीस वर्षं झाली, चर्चमध्ये माझ्या तोंडून गाण्याचा एक स्वर निघालेला नाही. वही उघडते, ओठ हलवते, शेवटचं आमेनसुद्धा ओठांनीच म्हणते.

लग्नानंतर ते कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शेजारी हे असायचे. मीटर तपासणारा माणूस. दिवसभर जिन्याखालून वरच्या मजल्यावर हाका मारायची सवय. हे गायला लागले की पुढच्या तीन बाकांवरच्या माना वळायच्या. सूर एका दाराने जायचा आणि हे दुसऱ्याने. मी कोपर मारलं की म्हणायचे, "अगं, सगळे सूर त्याचेच आहेत. तो बघून घेईल." त्या दणदणाटात माझं मुकेपण खपून गेलं. चार वर्षांपूर्वी हे गेले. नंतरच्या पहिल्या रविवारी गीत सुरू झालं आणि मला कळलं की आमच्या बाकावरून काहीच आवाज येत नाहीये.

मी काजं करते. म्हणजे गणवेश शिवणाऱ्या एका मास्टरकडून कोट आणि शर्ट घरी आणते, त्यांना हाताने काजं करून देते. मशीनचं काज चार धुण्यांत उसवतं, माझं उसवत नाही, म्हणून मास्टरने मला अजून ठेवलंय. बाजारात आणि चर्चमध्येही मला काजाबाईच म्हणतात. माझे नेम आहेत. पहाटे साडेपाचला उठून एक स्तोत्र, ते वाचल्याशिवाय चहा नाही. बुधवारी दुपारचं जेवण नाही. दिवा मालवण्याआधी गुडघ्यांवर. नेम मी मोडत नाही. पण खरं सांगायचं तर हे गेल्यापासून माझी प्रार्थना म्हणजे कुलूप लागलेल्या घराच्या पत्त्यावर रोज पत्र टाकण्यासारखी झाली होती. पत्र टाकायची, परत फिरायची. हे मी कोणाला बोलले नव्हते. कोणाला बोलणार? घरात दोन खुर्च्या, आणि एकीवर कोट टाकलेले.

आगमनकाळात आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी असते. डिसेंबरच्या एक तारखेपासून चोवीसपर्यंत, सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला एक माणूस बाजूच्या छोट्या खोलीत बसतो. पुढचा आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर एक फळी, तिच्यावर टाचलेल्या चिठ्ठ्या. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून दाराजवळच्या डब्यात टाकायची. बसणाऱ्याने आपल्या तासात सगळ्या चिठ्ठ्या हलक्या आवाजात वाचायच्या, प्रार्थना करायची आणि प्रत्येक चिठ्ठीमागे पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढायची. रेघेची पद्धत सेक्रेटरीबाईंची. "कोणाची चिठ्ठी उपाशी राहायला नको," असं त्यांचं म्हणणं.

माझा तास दुपारी दोन ते तीन. चिठ्ठ्या वाचायला वीस मिनिटं पुरतात. उरलेली चाळीस मिनिटं देवापुढे हजर राहायचं, दुसरं काही करायचं नाही. तेच मला जमत नव्हतं. अंग खुर्चीवर आणि मी दुसरीकडेच. प्रभूची प्रार्थना सुरू करावी आणि अर्ध्यावर लक्षात यावं की मी मनातल्या मनात अठरा कोटांची काजं घालतेय, आणि वरून मास्टरशी भांडतेय की दोरा कच्चा दिलास म्हणून. पुन्हा सुरुवात करावी, तर शेजारच्या घराच्या गळक्या नळावर जाऊन बसावं. तीन वाजता निवृत्त पोस्टमन यायचे, खोकायचे, म्हणायचे, "सुटलात." मी खरंच सुटल्यासारखी उठायची. त्याचीच मग वाटभर लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी फळीवर ती चिठ्ठी आली.

"दुपारी तासभर कोणी आलं तर बरं होईल. लवकर. ऑर्गनवाल्या."

मावशी दोन वर्षांपासून चर्चला येत नव्हत्या. कमरेखाली त्यांना हालचाल उरली नव्हती, एवढं माहीत होतं. त्यांच्या जागी आता दोन मुलं विजेवर चालणारं वाद्य वाजवतात. मी चिठ्ठी वाचली, डोळे मिटले, म्हटलं, "प्रभू, तुझ्या मनात असेल त्याला त्यांच्याकडे पाठव." रेघ ओढली. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. मनापासून म्हणायची, खोटं नाही. पण त्या म्हणण्याच्या खाली, अस्तरात राहिलेल्या टाचणीसारखं, 'मला सोडून' असंही काही असावं.

बाराव्या दिवशी रेघ ओढायला चिठ्ठी उलटी केली तर जागाच नव्हती. कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, ओळीखाली ओळ, कडेपर्यंत. कोणीतरी तर कोपऱ्यात आडवी घातली होती. मी चिठ्ठी घेऊन शेजारच्या ऑफिसात गेले.

"बाई, या चिठ्ठीमागे जागा उरली नाही."

सेक्रेटरीबाई नाताळच्या पत्रिकांच्या घड्या घालत होत्या. "मग दुसरा कागद टाचा की. टाचणी देऊ?"

"मावशींकडे कोणी जाऊन आलं का?"

"ते भेटगटाचं काम."

"भेटगटात कोण असतं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी, आणि तुमच्या मागच्या बाकावरच्या दोघी. पण काजाबाई, चिठ्ठी प्रार्थनेच्या डब्यात आली ना! भेटीच्या वहीत नाव आलं असतं तर गेलोच असतो. एकाच गोष्टीच्या मागे दोन-दोन ठिकाणी कशाला लागायचं? शंभरावर वेळा प्रार्थना झालीये. शंभरावर! देव काय बहिरा आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर. ही घ्या टाचणी."

टाचणी आणि कोरा कागद घेऊन मी खोलीत परत आले. कागद चिठ्ठीमागे धरला. त्या कागदावर सहज दीडशे रेघा मावल्या असत्या. मी टाचणी टोचली नाही. तीन वाजता पोस्टमन आले, खोकले, म्हणाले, "सुटलात." चिठ्ठी पिशवीत घातली आणि घराकडे न वळता दुसऱ्या रस्त्याला लागले.

मावशी लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहतात. चर्चपासून दहा मिनिटं. लाँड्रीवरून मी आठवड्यातून दोनदा जाते, कोटांना इस्त्री तिथेच होते. मागे मात्र कधी गेले नव्हते. वाफेचा आणि साबणाचा वास, ओल्या चादरींच्या रांगा, आणि शेवटी एक हिरवं दार.

"उघडंच आहे. ढकला."

मी ढकललं. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मावशी केवढ्याशा झाल्या होत्या. केस मात्र तसेच, मागे घट्ट बांधलेले.

"कोण?"

"मी काजाबाई. चर्चमधून."

"प्रार्थना करायला आलीस?"

"हो. म्हणजे, तुम्हाला हवी असेल तर."

"ती होतेय ना रोज. चिठ्ठी टाकून आलेली लाँड्रीवाली सांगत होती. बारा-बारा जण करतात म्हणे." त्या हसल्या. हसताना तोंडाची एकच बाजू हलली. "सगळ्यांनी डोळे मिटूनच केली वाटतं?"

माझी मान खाली गेली. त्यांनी ते बघितलं आणि विषय सोडून दिला. "हात दाखव."

मी हात पुढे केले. शाळेत नखं तपासतात तसे त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले. "बोटं दणकट आहेत. बरंय. खाली बस."

"खाली?"

"जमिनीवर. तिथे, तिच्या पोटाशी."

भिंतीला लागून त्यांची पायपेटी होती. चर्चमध्ये विजेची वाद्यं येण्याआधी हीच होती. पायाखालची दोन पॅडल आळीपाळीने दाबली की आतला भाता हवा भरतो आणि मग पट्ट्या बोलतात. पाय थांबले की मुकी. मावशींनी खुर्ची पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी एक मोठा स्वरमेळ दाबला. नुसतं लाकडाचं खटखट झालं.

"हे असं. हात ठणठणीत आहेत, पाय संपावर. दोन वर्षं ही खटखट वाजवतेय. लाँड्रीवालीला वाटतं, म्हातारी टाइपिंग शिकतेय."

"मग चिठ्ठीत लिहायचं होतं ना, भाता मारायला कोणी हवं म्हणून."

"लिहिलं असतं तर तुम्ही त्यासाठीही प्रार्थना केली असती. वाऱ्यासाठी."

मी जमिनीवर बसले, खुर्चीच्या बाजूने हात आत घातले आणि दोन्ही तळवे पॅडलवर ठेवले. डावं दाबलं, उजवं दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं, धूळ नाकात गेली, आणि डोक्यावर एकदम आवाज उमटला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. लाकूडच बोलत होतं. तो कानांनी कमी आणि दातांत जास्त जाणवत होता. मावशींनी गाणं ओळखू येण्याइतकं वाजवलं आणि हात उचलला.

"घाई नको. मागे पडायचं नाही, पुढे पळायचं नाही. तुझा श्वास चालतो तसं."

मी श्वासासारखं करायला लागले. दोन ओळी नीट गेल्या. मग मला आठवलं की मास्टरकडे संध्याकाळी सहाच्या आत कोट पोचवायचेत, आणि तेवढ्यात वरचा सूर लंगडला, खाली घसरला, म्हाताऱ्या माणसाने उसासा टाकावा तसा विरून गेला.

"कुठे गेलीस?" मावशींनी विचारलं.

"इथेच आहे."

"नाहीस. हात इथे आहेत. तू कुठे गेलीस?"

बारा दिवस देवापुढे बसले होते, कोणाला कळलं नव्हतं. इथे दोन ओळींत पकडली गेले.

तासाभराने दंड भरून आले तेव्हा मावशींनी झाकण लावलं आणि 'लवकर' का लिहिलं ते सांगितलं. त्यांचा भाचा दुसऱ्या गावात राहतो. नाताळच्या दिवशी तो त्यांना कायमचा न्यायला येणार होता. कारण त्या दिवशी त्याला सुट्टी, आणि मालकाची गाडी मोकळी. भाच्याच्या घरात पायपेटीला जागा नव्हती. ती जुनं सामान घेणारा माणूस घेऊन जाणार होता. "सोळाव्या वर्षापासून दर नाताळला वाजवलंय," मावशी म्हणाल्या. "मागचे दोन खटखटीत गेले. एकदा सगळी उपासना, पहिल्या गीतापासून शेवटच्या आमेनपर्यंत, नीट वाजवून तिला निरोप द्यायचाय. बस. हात बसले पाहिजेत. तू रोज येशील?"

"येईन."

रोज जायला लागले. दोन ते तीन खोलीत, तीन ते चार मावशींकडे. काजं मागे पडली. मास्टरने एकदा विचारलंच, "काजाबाई, बटणं बिनकाजाचीच लावू का आता? गिऱ्हाइकांना सांगतो, सणाची फॅशन आहे." मी पहाटेच्या स्तोत्रानंतरचा तास काजांना दिला आणि कोट वेळेवर पोचवले.

मावशी बोलक्या नव्हत्या. यायचं, बसायचं, भाता मारायचा. सूर पडला की तोच प्रश्न. "कुठे गेलीस?" कधी वैतागून, कधी नुसतं माहिती विचारल्यासारखं. मी खरं सांगायला शिकले. "बाजारात." "नळावर." एकदा म्हटलं, "ह्यांच्याकडे." त्यावर त्या म्हणाल्या, "जाऊन आलीस? चल मग, तिसरं कडवं." चर्चच्या खोलीतही आता मन निसटलं की मला त्यांचाच आवाज ऐकू यायचा, आणि मी दचकून परत यायची. परत आल्यावर तिथे कोणी भेटायचं असं नाही. खोली तशीच. टेबल, फळी, चिठ्ठ्या. पण मी परत येत होते.

एकोणीस तारखेला माझ्या तोंडून ते निघून गेलं. पॅडलवरून हात न काढता, खालूनच विचारलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून विचारता आलं.

"मावशी, तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, नुसते ओठ हलव म्हणून. मी चौदा वर्षांची होते."

"मी?"

"दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यात."

"त्या वर्षी आवाजांचा नुसता बाजार होता," त्या आठवत म्हणाल्या. "अकरा जणींना सांगितलं होतं तसं. एकीनेही ऐकलं नाही. नाताळला सगळ्या कोकलल्या." मग खुर्ची करकरली, त्या वाकून माझ्याकडे बघत होत्या. "तू ऐकलंस?"

"हो."

"किती दिवस?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना. "अगं मूर्ख मुली," त्या पुटपुटल्या. छप्पन्न वर्षांच्या मला कोणी मुलगी म्हटल्याला फार दिवस झाले होते. "मी एका नाताळपुरतं सांगितलं होतं." त्यांनी चुकीच्या पट्टीत गाणं सुरू केलं, थांबल्या, पुन्हा सुरू केलं. बेचाळीस वर्षांचा माझा राग एवढ्यात निकाली निघाला. त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला कळेना, आणि घरी जाताना मला जास्तच एकटं वाटलं. राग हीसुद्धा एक सोबत असते, ही गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती.

एकवीस तारखेला एक अख्खं गीत, पाचही कडवी, सूर कुठेही न पडता पार गेलं. संपल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात मी एकदाही कुठे गेले नव्हते. काज नाही, नळ नाही, हे नाहीत. विनंती नाही, स्तुतीही नाही. तळव्याखाली चढणारी-उतरणारी हवा, तेवढीच. त्या वेळात खोलीत आणखी कोणी होतं का, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मी मात्र होते. मावशींनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाताळला सकाळी नऊला ये. चर्चमध्ये सुरू होईल, तेव्हाच आपणही सुरू करू."

"येते," मी म्हणाले.

दार ओढून लाँड्रीच्या चादरींमधून बाहेर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मी काय कबूल करून बसले. नाताळची उपासना मी लग्नाच्या वर्षापासून चुकवलेली नाही. पायाला प्लास्टर असताना हे मला पाठुंगळीवर घेऊन गेले होते. हे गेले त्या वर्षीही, दोन महिनेच झाले होते, तरी बाकावर जाऊन बसले होते. बाकीचे नेम माझे एकटीचे. हा आमच्या दोघांचा.

त्यात दुसऱ्याच दिवशी चर्चचे पाळक खोलीच्या दाराशी थांबले. "काजाबाई, नाताळचा शास्त्रपाठ या वेळी तुम्ही वाचाल का? ज्या वाचणार होत्या त्यांचा घसा बसलाय."

"मी? माझा आवाज मागच्या बाकांना ऐकू जायचा नाही."

"माइक आहे की. आणि तुम्ही रोज येऊन बसता. मला वाटलं, तुम्हीच वाचावं." त्यांनी पाठ लिहिलेला कागद माझ्या हातात दिला.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मला ते हवं होतं. आधी कोणी विचारलं असतं तर पळून गेले असते. आता हवंसं वाटत होतं. घरी गेले, कोट टाकलेल्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि तो पाठ मोठ्याने वाचला. माझाच आवाज मला नवा वाटला. जाडसर होता, थोडा चिरका, पण वाईट नव्हता. तीन वेळा वाचला. तिसऱ्या वेळी रडू आलं.

तेवीसला मी मावशींना विचारलं, "आपण अकराला सुरू केलं तर चालेल? उपासना साडेदहाला सुटते. मी धावत येईन."

"भाचा साडेदहाला दारात असेल. अकराला गाडी सुटायला हवी, परत करायचीय त्याला."

"मग आठला?"

"आठला लाँड्रीवाली मला धुऊन-पुसून तयार करते. त्याशिवाय पेटीपुढे कशी बसू? नाताळ आहे." त्या पट्ट्यांवरून फडकं फिरवत होत्या. "का गं?"

मी सांगितलं. शास्त्रपाठाचं, आमच्या दोघांच्या नेमाचं. सगळं ऐकून त्यांनी फडक्याची घडी घातली, पट्ट्यांवर ठेवली आणि झाकण लावलं.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी प्रार्थना कर."

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. मागायला दुसरं काहीच उरलं नाही की माणूस जे मागतो, ते होतं.

चोवीस तारखेला माझा शेवटचा तास. नव्या चिठ्ठ्या वाचल्या, रेघा ओढल्या. मग हात मांडीवर ठेवले आणि सरळ विचारलं, "प्रभू, मी उद्या कुठे असू?" आणि थांबले. मन दोनदा गेलं, दोनदा परत आणलं. उत्तर आलं नाही. बाहेर मुलं दिव्यांच्या तारा ओढत होती, शिडी सरकल्याचा आवाज येत होता. आधी अशी गप्प खोली मला बंद दारासारखी वाटायची. आज वाटलं, मावशीही अशाच गप्प असतात. सूर नीट चालू असला की विचारत नाहीत. मग मला कळलं की उत्तर मला आधीच माहीत आहे. मी फक्त दुसरं कुठलं मिळतंय का ते बघत होते.

पोस्टमन आले. मी उठले आणि पाळकांच्या ऑफिसात गेले. कागद टेबलावर ठेवला.

"मला जमणार नाही."

"भीती वाटते का?"

"वाटते. पण म्हणून नाही. मी उद्या इथे नसेन."

"नाताळला?" ते उभेच राहिले. "तुम्ही?"

"ऑर्गनवाल्या मावशींकडे असेन. शब्द दिलाय. त्या उद्याच कायमच्या जातायत."

पाळक कागदाकडे बघत राहिले. चांगला माणूस आहे. वय फार नाही, कामं फार. "ती चिठ्ठी," ते शेवटी म्हणाले. "मीसुद्धा रेघ ओढली होती. चार-पाच तरी."

"मी नऊ," मी म्हटलं.

ते म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा." मग स्वतःच मान हलवली. "नाही, नका सांगू. संध्याकाळी मीच जातो."

तिथून मी मावशींकडे गेले, तर हिरवं दार आतून लावलेलं. लाँड्रीवाली चादरी उतरवत होती. "झोपल्यात," ती म्हणाली. "सामान बांधून दमल्या."

"उठल्या की सांगाल का, काजाबाई उद्या नऊला येतेय म्हणून?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सांगते. पण त्या म्हणत होत्या, आता कोणाची वाट बघायची नाही म्हणून."

"तरी सांगा."

घरी येऊन मी मास्टरच्या चिंध्यांतून एक जाड गादी शिवली. जमीन फार गार असते आणि उद्या दीड तास बसायचं होतं. रात्री नऊच्या आत ती पुरी झाली.

नाताळच्या दिवशी पहाटे स्तोत्र वाचलं, चहा घेतला, ठेवणीतला कपडा घातला. ह्यांच्या फोटोपुढे थोडा वेळ उभी राहिले. काय बोलायचं होतं ते बोलले. साडेआठला गादी काखेत मारून बाहेर पडले. रस्त्यावर सगळी माणसं एकाच दिशेने चालली होती. मुलांचे नवे बूट वाजत होते. एकमेकांना शुभेच्छा देत, हात मिळवत सगळे चर्चकडे, आणि मी त्यांच्या उलट, भिंतीच्या कडेकडेने. कोपऱ्यावर सेक्रेटरीबाई समोरून आल्या.

"अहो काजाबाई! चर्च इकडे! आज तिकडे कुठे निघालात?"

"नाताळच्या शुभेच्छा, बाई," मी म्हणाले.

"अहो, पण पाठ कोण वाचणार?"

मला माहीत नव्हतं. मी हात हलवला आणि पुढे चालले. मागे घंटा सुरू झाली. दर वर्षी ती ऐकली की पाय आपोआप उचलले जातात, आजही उचलले गेले, पण दुसरीकडे. दोन गल्ल्या ओलांडल्यावर माणसं संपली. दुकानं बंद, फळ्या लावलेल्या, रस्ता नुसता माझा. मावशींना निरोप मिळाला होता की नाही, दार आतून लावलेलं असेल की उघडं, कळायला मार्ग नव्हता. घड्याळात नवाला बारा मिनिटं कमी होती. मी गादी नीट काखेत धरली आणि चाल जरा वाढवली.